बाबांना आत बसवू नका

मावशी, सप्रेम नमस्कार.

आम्ही कॉव्हेंट्रीत राहतो. सासू-सासरे मे महिन्यात इंदापूरहून आलेत, ऑक्टोबरअखेर परत जातील. त्यांना काहीतरी वेगळं दाखवावं म्हणून ऑगस्टमध्ये चार रात्रींसाठी नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांब, अरुंद, आत राहायची सोय असलेली बोट, भाड्याने घेतली. सोमवारी दुपारी नॅन्टविचजवळ बोट ताब्यात घ्यायची, लँगोलेन कालव्याने पाँटकसल्टेच्या उंच जलसेतूवरून जायचं आणि शुक्रवारी सकाळी बोट परत द्यायची, असा बेत होता.

मंगळवारी सगळं बिनसलं. सकाळी एका लॉकमध्ये (दोन्ही टोकांना दारं असलेला हौद, पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात तो) शिरताना बोट भिंतीवर आदळली आणि सासूबाईंनी केलेले पोहे कढईसकट खाली. काठाला बांधलेल्या बोटींमधून दोघा-तिघांनी ‘हळू चालवा’ म्हणून आरडाओरडा केला, आणि आम्ही तर पायी चालणाऱ्यांच्याही मागे पडत होतो. विलीमूरच्या लॉकवर मी हँडल फिरवून पाणी सोडत होते, तेवढ्यात समोरून आलेल्या बोटीवरचा एक गृहस्थ तावातावाने आला. ‘यू पीपल’ कालव्यावर यायच्या आधी शिकून का येत नाही, असं लॉकशेजारच्या पबच्या बाकांवर बसलेल्या सगळ्यांसमोर म्हणाला. नवरा माझी बाजू घ्यायची सोडून माझ्यावरच ओरडला. ग्रिंडली ब्रुकला पोचलो तर पुढे नऊ बोटी. अडीच तास ताटकळलो आणि आमचा नंबर यायच्या आत लॉककीपरची वेळ संपली.

बुधवारी कसेबसे वर चढलो आणि व्हिटचर्चपासून मागे फिरलो. जलसेतू पाहिलाच नाही. सासऱ्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, नीरा डाव्या कालव्यावर कालवा निरीक्षक म्हणून गेली. पण ते दिवसभर आतच बसून होते. एकदा बाहेर येऊन काही सांगायला लागले तर नवरा म्हणाला, ‘बाबा, तुम्ही आत बसा.’ संध्याकाळी त्यांनी एवढंच विचारलं, ‘हे पाणी येतं कुठून?’ आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आता म्हणतात, ‘आमच्यामुळे तुमची सुट्टी वाया गेली.’ नवरा म्हणतो, पुन्हा बोटीचं नाव काढू नकोस.

आमचं एवढं काय चुकलं? तो माणूस आमच्या रंगावरून बोलला का? आणि हे दोघं परत जायच्या आधी काही करता येईल का?

— एक सून, कॉव्हेंट्री

अगं, आधी हिशेब करू. पैसे भरण्याआधीच तो तुम्हाला कुणीतरी करून दाखवायला हवा होता.

कालव्यावर नुसते मैल मोजून चालत नाही. एक लॉक म्हणजे आणखी एक मैल धरायचा, बेरजेला तीनने भागायचं, की तास मिळतात. हर्लस्टनला कालव्यात शिरल्यापासून पाँटकसल्टेपर्यंत चाळीसएक मैल आणि २१ लॉक. बेरीज साठाच्या वर, म्हणजे एका बाजूचेच वीस तास. जाऊन-येऊन चाळीस. तुमच्या हातात सोमवारची संध्याकाळ आणि तीन पूर्ण दिवस. रोज बारा-तेरा तास सुकाणू धरून उभं राहायचं, तेही रांग लागणार नाही आणि कुणाला भूक लागणार नाही असं धरून. आणि हा सगळा बेत ऑगस्टमधला, शाळांच्या सुट्टीतला, या देशातल्या सर्वांत गजबजलेल्या कालव्यांपैकी एकावरचा. २००९ साली युनेस्कोने त्या जलसेतूला आणि आसपासच्या ११ मैलांच्या कालव्याला जागतिक वारसा ठरवलं. त्या उंचीवरून बोटीने जायचं म्हणून सगळे तिकडेच निघतात. कमाल वेग ताशी चार मैल, प्रत्यक्षात तीनच्या आसपास. त्यात लँगोलेनकडे जाताना पाणी समोरून वाहत येतं. ते का वाहतं, ते पुढे सांगते. तुझ्या सासऱ्यांना नेमकं तेच हवं होतं.

तेव्हा बोट संथ चालली म्हणून बेत फसला नाही. तो सोमवारी दुपारी किल्ली हातात घेतली तेव्हाच हातातून गेला होता. हे नवऱ्याला वाचून दाखव. तो मंगळवारी दिवसभर घड्याळाच्या मागे धावत होता, आणि ते गाठता येण्यासारखं नव्हतंच.

आता विलीमूर. तू काय केलंस ते मी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करते. तुम्ही खालून वर चाललेले. तुमच्या पुढची बोट नुकतीच लॉकमधून वर निघून गेलेली, म्हणून लॉक काठोकाठ भरलेलं. तुम्हाला आत शिरायचं तर ते आधी रिकामं करायला हवं. तू खालच्या दाराच्या झडपा उघडल्यास. यात हँडल चुकीचं फिरवलं नाहीस, क्रम चुकला नाही. फक्त वरच्या बाजूने एक बोट येत होती आणि तिच्यासाठी ते लॉक जसंच्या तसं तयार होतं. दार उघडायचं, आत यायचं, खाली उतरायचं. तिच्या तोंडावर तू ते रिकामं केलंस. आता त्याला तुम्ही आत येईपर्यंत, लॉक पुन्हा भरेपर्यंत, तुम्ही बाहेर पडेपर्यंत थांबणं आलं. पंधरा-वीस मिनिटं गेली. आणि तो आधी उतरला असता, तर त्याच पाण्याने त्याचंही काम झालं असतं आणि तुमच्यासाठी लॉक आपोआप रिकामं झालं असतं. सात फूट रुंदीच्या एका लॉकमध्ये लाखाहून जास्त लिटर पाणी मावतं. कोरड्या उन्हाळ्यात इथले काही कालवे बोटींना बंद ठेवावे लागतात. म्हणून जुनी माणसं याबाबत कडक असतात.

नियम एका वाक्याचा आहे. झडपेला हात लावायच्या आधी लॉकच्या दुसऱ्या टोकाशी चालत जायचं आणि पलीकडे पाहायचं. बोट दिसली आणि लॉक तिच्या बाजूचं असेल, तर पाळी तिची. सासऱ्यांना हे सांगून बघ. शेजपाळी लागलेली असताना दुसऱ्याच्या वेळेत चारीचं दार उघडणाऱ्या शेतकऱ्याचं काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार!

म्हणजे तो गृहस्थ लॉकच्या बाबतीत बरोबर होता. पण ‘यू पीपल’ म्हणायचं त्याला काही कारण नव्हतं.

तो रंगावरून बोलला का, याचं उत्तर मी देऊ शकत नाही, कारण मी तिथे नव्हते. स्वतःची बोट असलेले काही लोक भाड्याच्या बोटींवरच्या सगळ्यांनाच ‘तुम्ही लोक’ म्हणतात, गोऱ्यांनासुद्धा. ते मी कानांनी ऐकलंय. आणि दुसऱ्या अर्थाचं ‘यू पीपल’ही मी ऐकलंय. इतकी वर्षं इथे राहिल्यावर त्या दोन्हींतला फरक आवाजातून, नजरेतून कळतो. शब्दांतून नाही कळत. तुला जे जाणवलं ते तुला जाणवलं. ‘तू फार मनाला लावून घेतेस’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. फक्त या दोन गोष्टींची गाठ मारू नकोस. लॉकची चूक कबूल केली म्हणून त्याचं बोलणं योग्य ठरत नाही. आणि तो वाईट बोलला म्हणून लॉकची चूक पुसली जात नाही. पुन्हा असं झालं तर ताठ उभी राहा आणि म्हण, ‘आमची पहिलीच वेळ आहे, तुमच्या पाळीचं लॉक आम्ही फिरवलं, माफ करा.’ बहुतेक माणसं तिथेच विरघळतात. जो त्यानंतरही थांबत नाही, त्याच्या बोटीवर रंगवलेलं नाव आणि नोंदणीचा क्रमांक लिहून घे. २०१२पासून इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत, त्यांच्याकडे तक्रार करता येते.

एक माझं सांगते. आमच्या पहिल्या सहलीत ऑडलेमच्या पंधरा लॉकमधून आम्ही खाली उतरत होतो. लॉकच्या वरच्या दाराखाली सिमेंटचा एक उंबरा असतो. पाणी उतरायला लागलं की बोटीचं मागचं टोक त्या उंबऱ्याच्या पुढे ठेवावं लागतं, नाहीतर ते उंबऱ्यावर टेकून राहतं आणि पुढचं टोक पाण्याबरोबर खाली जात राहतं. आमचं तसंच झालं. बोट तिरकी होत चालली होती, आतल्या कपाटांतली भांडी सरकल्याचा आवाज आला, आणि मला काय होतंय तेच कळेना. काठावरचा एक अनोळखी माणूस माझ्यावर असा ओरडला की आजही ते शब्द मी लिहू शकत नाही. त्याने माझ्या हातातलं हँडल हिसकावून झडपा बंद केल्या, मग वरच्या बाजूने सावकाश पाणी घेऊन बोट तरंगवली. तो रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. त्याचे हात थरथरत होते. तेव्हापासून कालव्यावर कुणी ओरडलं की मी आधी आजूबाजूला बघते, काही चुकतंय का म्हणून. राग नंतर. तुम्ही येताना खाली उतरलात, तेव्हा भिंतीवर उंबऱ्याची पांढरी खूण पाहून बोट पुढे ठेवली होतीत ना? पुढच्या वेळी हे सर्वांत आधी.

बांधलेल्या बोटींचं थोडक्यात. कालवा उथळ असतो, तुमची बोट पुढे जाताना पाणी बाजूने मागे ओढते, आणि काठाला बांधलेली बोट त्याबरोबर खेचली जाते. दोर ताणतात, मऊ मातीतले खुंट उपटून येतात. आत कुणी गॅसवर किटली ठेवलेली असते. तुम्हाला चालण्याइतका वेग वाटतो तो आतल्याला धक्का वाटतो. पहिली बोट दिसायच्या आधीच इंजिन अगदी मंद करायचं आणि शेवटची बोट मागे पडेपर्यंत तसंच ठेवायचं. मागे वळून पाहत जा. लाट काठावर फुटत असेल तर वेग जास्त आहे. आणि उथळ पाण्यात इंजिन जोरात फिरवून बोट पळत नाही, मागचं टोक नुसतं खाली बसतं, डिझेल जळतं. प्रवाह अंगावर असल्यामुळे तुझ्या नवऱ्याने तेच केलं असणार.

आता नवरा. त्याच्या हातात पंधरा-सोळा टनांची बोट होती. तिला ब्रेक नसतो, उलटं इंजिन टाकून थांबवायची. सुकाणू उजवीकडे ढकललं की बोट डावीकडे वळते. हे सगळं त्याला अर्ध्या तासात शिकवून किल्ली दिली. पायाखाली इंजिन धडधडतंय, तू पन्नास-साठ फुटांवर पुढे, तुझा शब्द त्याला ऐकू येत नाही आणि त्याचा तुला. तो ओरडला यातलं निम्मं त्या आवाजाचं होतं. उरलेलं निम्मं मात्र त्याचं स्वतःचं. परक्या माणसाने बायकोला चारचौघांत बोललं आणि नवऱ्यानेही तिलाच सुनावलं, तर ते बाईच्या मनातून वर्षानुवर्षं जात नाही. त्याने माफी मागायला हवी. ती ‘सगळेच दमलो होतो गं’ या जातीची नको. ‘विलीमूरला मी तुझ्यावर ओरडलो ते चुकलं,’ अशी हवी, आणि तुझ्या सासू-सासऱ्यांच्या देखत, कारण ओरडला तेव्हाही ते होते.

पुढच्या वेळी हातांच्या खुणा ठरवा. थांब, ये, मागे घे, झालं. चार खुणा पुरतात. आणि सुकाणू तू घे. अर्धा दिवस तरी. मी पाहते, आपल्या घरांतून नवरा मागे उभा राहून बोट चालवतो, फोटोत येतो, आणि बायको पावसात हँडल घेऊन लॉकमागून लॉक धावते, दारं ढकलते, आणि चुकलं की बोलणीही खाते. या कालव्यांवर मालाची वाहतूक होती तेव्हा बोटी जोडीने चालायच्या, पुढची मागचीला ओढायची, आणि मागच्या बोटीचं सुकाणू बऱ्याचदा घरच्या बाईकडे असायचं, एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्या हाताशी पोर. दुसऱ्या महायुद्धात तर शहरांतल्या मुलींना शिकवून ग्रँड युनियन कालव्यावर मालाच्या बोटी चालवायला दिल्या होत्या. तुला का नाही येणार?

आणि आता ज्या ओळीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ती. ‘बाबा, तुम्ही आत बसा.’

तुझ्या पोह्यांच्या कढईपासून सुरू करते. लँगोलेन कालव्यावर प्रत्येक लॉकच्या बाजूने पाण्याला एक वेगळी वाट काढून दिलेली असते. लॉकची दारं बंद असली तरी वरचं पाणी या वाटेने खाली येत राहतं आणि लॉकच्या तोंडाशी, अगदी जिथून बोट आत शिरते तिथे, आडवं येऊन पडतं. इतर कालव्यांवर ती धार बारीक असते. इथे ती चांगली जोरकस असते. तुम्ही सरळ रेषेत येता, लॉकचं तोंड सात फूट, बोट सात फुटांना जेमतेम कमी, आणि शेवटच्या क्षणी बाजूची धार बोटीचं नाक ढकलते. नवखा माणूस घाबरून वेग कमी करतो, की धार आणखी जोरात ढकलते. मग भिंत, मग कढई. उपाय इतकाच की धार कुठल्या बाजूने येतेय ते आधी बघायचं, नाक थोडं त्या बाजूला ठेवायचं आणि जरा दमदार वेगाने आत घुसायचं.

ही बाजूची वाट म्हणजे सांडवा. तुझ्या सासऱ्यांनी सगळी नोकरी सांडवे, दारं आणि चाऱ्यांवर काढली. ते बाहेर येऊन काय सांगत होते ते मला माहीत नाही. पण पाणी कुठून येतंय आणि बोटीला कुठे ढकलतंय, हे त्या बोटीवरच्या चौघांत एकाच माणसाला पाहताक्षणी दिसलं असतं, आणि त्यालाच तुम्ही आत बसवलंत. हे मी तुला दुखवायला लिहीत नाही. तुला हे कुठेतरी कळलंय, म्हणून तर ती ओळ पत्रात आली.

ग्रिंडली ब्रुकची रांगही त्यांनी पाहिली असती तर तुम्हाला ती निराळी वाटली असती. तिथे सहा लॉक आहेत. खालची तीन सुटी. वरची तीन जिन्यासारखी एकमेकांना जोडलेली, एकाचं वरचं दार तेच दुसऱ्याचं खालचं. मध्ये दोन बोटींना एकमेकींना ओलांडून जाता येत नाही. म्हणून लॉककीपर काही बोटी वर घेतो, मग काही खाली सोडतो. अडीच तासांत तो माणूस जे करत होता ते तुझ्या सासऱ्यांनी उन्हाळी आवर्तनात वर्षानुवर्षं केलेलं काम आहे. वरचे म्हणतात आमचं आधी, खालचे म्हणतात आम्हाला पोचतच नाही, आणि मध्ये एक माणूस वही घेऊन उभा. इंदापूर तर नीरा डाव्याच्या शेपटाकडे. पाण्याची वाट बघणं तिकडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. तुम्ही तिघं चडफडत होतात तेव्हा त्यांनी खाली उतरून त्या लॉककीपरशी दोन शब्द बोलायला हवे होते. नवऱ्याला दुभाषा म्हणून बरोबर पाठवायचं. रांगेतली अडीच तासांची वाट तशीच राहिली असती, पण बाबांना ती वाया गेल्यासारखी वाटली नसती.

आता त्यांच्या प्रश्नाचं उत्तर, ते त्यांना आजच सांग. हे पाणी डी नदीचं आहे. लँगोलेनच्या वर साधारण दोन मैलांवर नदीत एक बंधारा आहे, अर्धवर्तुळासारखा वळलेला, म्हणून नाव हॉर्सशू फॉल्स. थॉमस टेलफर्ड या अभियंत्याने तो १८०८ साली बांधला. तिथून पाणी कालव्यात वळतं आणि सगळी दारं, सांडवे, जलसेतू ओलांडत पार हर्लस्टनपर्यंत येतं. तिथल्या तलावात साठतं आणि चेशरमधल्या लोकांच्या नळांना जातं. दिवसाला पाच कोटी लिटरच्या आसपास. म्हणून हा कालवा वाहतो आणि म्हणून जाताना तुमची बोट संथ होती. १९४४ साली हा कालवा वाहतुकीसाठी कायद्याने सोडूनच दिला होता. इतर अनेक कालवे त्या काळात बुजले. हा बुजवला नाही, कारण खालच्या गावांना पाणी हवं होतं. पिण्याच्या पाण्याने बोटींचा कालवा वाचवला. हे वाक्य त्यांना मराठीत सांग आणि मग थोडा वेळ काही बोलू नकोस, त्यांना बोलू दे.

ऑक्टोबरअखेरीला अजून अवकाश आहे. रात्रीच्या मुक्कामाची बोट घेऊ नका. पाँटकसल्टेच्या टोकाशी असलेलं ट्रेव्हर गाव कॉव्हेंट्रीहून गाडीने दोनेक तासांवर. तिथून दिवसभरासाठी छोटी बोट भाड्याने मिळते. शाळा सुरू झाल्यानंतरचा मधला वार निवडा. शनिवार-रविवार नको. ट्रेव्हरहून चर्ककडे निघालात तर वाटेत एकही लॉक नाही. हँडल नाही, रांग नाही, कुणाच्या पाळीचा प्रश्न नाही. आणि निघताच पाँटकसल्टे.

जेसप आणि टेलफर्ड या अभियंत्यांनी १८०५ साली पुरा केलेला तो जलसेतू १,००७ फूट लांब आहे, नदीपासून १२६ फूट उंच. दगडी खांबांवर बिडाची पन्हाळ ठेवलीय आणि त्या पन्हाळीतून बोट जाते. एका बाजूला पायवाट आणि कठडा. दुसऱ्या बाजूला पन्हाळीची कड पाण्यापासून वीतभरच वर, पलीकडे नुसती दरी. सासूबाईंना भीती वाटली तर त्यांना पायवाटेने चालू दे, बोट त्यांच्याच वेगाने जाईल. समोरून कुणी येत नाही हे आधी पाहा, सेतूवर एका वेळी एकाच बाजूची वाहतूक होते. सासऱ्यांना पुढे बसव, आत नाही. त्यांना सांग की पन्हाळीच्या तळाला एक बूच आहे, तपासणीच्या वेळी ते काढून सगळं पाणी खालच्या डी नदीत सोडतात. ज्या नदीतून पाणी घेतलं, तिच्याच डोक्यावरून ते चाललेलं असतं. पुढे दोन बोगदे, चर्कचा ४५९ यार्डांचा, आत काळोख, हेडलाइट लावायची, आणि बोगदा संपतो तोच दुसरा जलसेतू, चर्कचा, शेजारी त्याहून उंच रेल्वेचा पूल. तिथून वळून परत या. सुकाणू आळीपाळीने धरा, बाबांच्याही हातात द्या. इंग्रजी येत नाही म्हणून बोट वळायची थांबत नाही.

नवरा नाही म्हणाला तर त्याला नुसता हा आकडा सांग: शून्य लॉक.

हे सगळं जमलं नाही, पावसाने घोळ घातला, तर बोट सोडून द्या आणि लँगोलेनला गाडी लावून कालव्याच्या काठाने हॉर्सशू फॉल्सपर्यंत चालत जा. वाट अगदी सपाट आहे, पंचाहत्तरीतल्या माणसालाही झेपेल. ऑक्टोबरमध्ये ओल्या पानांवरून पाय घसरतो, तेव्हा चपला नको, रबरी तळाचे बूट घाला. वाटेत घोड्याने ओढलेली बोट दिसली तर दोर जाईपर्यंत आतल्या कडेला उभं राहायचं. शेवटी बंधारा येतो, आणि त्याच्या काठाला एक लहानसं घर आहे, कालव्यात किती पाणी सोडलं ते मोजायचं. बाबा तिथे बराच वेळ थांबतील. जेवणाचा डबा बरोबर असू दे, आणि परत निघायची वेळ त्यांना विचारून ठरवा.